आडवी जाड, उभी बारीक

पहाटे, दूधवाला यायच्याही आधी, आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचा व्हॉट्सअॅपवर एक गुलाब यायचा. गुलाबावर दव, दवावर चमचम, आणि त्या सगळ्यावर ‘शुभ सकाळ’ अशी अक्षरं. अक्षरं कसली, फुगे! गुलाबी रंगाचे, पांढरी किनार लावलेले, मागे सावली पडलेले फुगे. काना कुठे संपतो आणि उकार कुठे सुरू होतो, देव जाणे. अक्षरं काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे दिवसाची सुरुवात अशी झाली की माझं डोकं फिरायचं. मी कितीदा म्हटलं, ‘काकू, तुम्ही नुसतं शुभ सकाळ टाइप करा, मला चालेल.’ त्या म्हणायच्या, ‘अगं, पण मग त्यात फूल कुठे येतं?’

मी नवीन पनवेलला राहते आणि घरूनच काम करते. मासिकांसाठी आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांसाठी देवनागरी टाइप, म्हणजे फॉन्ट, बनवते. गेली काही वर्षं माझा जीव एकाच जातीच्या अक्षरांवर जडला आहे. ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी सांगते. ही अशी अक्षरं, की त्यांच्या जाड रेघेत आणि बारीक रेघेत जमीन-अस्मानाचा फरक. उभा दांडा भरदार, आणि त्याला जोडणारी आडवी रेघ केसाएवढी. टोकांना नखाएवढी धारदार टाच. रोमन लिपीतली तुम्ही नक्की पाहिली असतील, फॅशनच्या मासिकांच्या नावांत, अत्तराच्या बाटल्यांवर, दागिन्यांच्या जाहिरातींत. ती मोठीच शोभतात. लहान केली की बारीक रेघा विरून जातात आणि पानावर नुसते खांब उरतात. मराठीत अशी अक्षरं थोडी, आणि जी आहेत त्यातली बरीचशी रोमनचे कपडे उसने घालून उभी असल्यासारखी वाटतात. म्हणून एका मासिकाच्या दिवाळी अंकासाठी मी माझी स्वतःची करायला घेतली होती. शिरोरेषा इतकी बारीक ठेवली होती, की संपादकबाई म्हणाल्या, ‘ही छापून येईल ना?’ मी म्हटलं, येईल. आली नाही तर प्रेसवाल्याशी भांडेन.

या सगळ्या प्रकारात मला समजून घेणारा बिल्डिंगमध्ये एकच माणूस होता, तो म्हणजे काकूंचे यजमान, काका. तसं त्यांनी माझ्या कामाचं कौतुक कधी केलं नाही. ‘एवढी बारीक रेघ कशाला? शाई वाचवतेस का?’ असं विचारायचे. पण विचारायच्या आधी चष्मा पुसून, माझ्या स्क्रीनला नाक लावून, एकेक अक्षर बघायचे.

काका नोकरीतून निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या गेटजवळचा फळा त्यांनी आपणहून अंगावर घेतला होता. उद्या पाणी येणार नाही, लिफ्ट दुरुस्तीला आहे, अमक्यांची मुलगी पास झाली, सगळं त्या फळ्यावर. आणि ते काय लिहायचे! खडू मोडून त्याचा बोटाएवढा तुकडा फळ्यावर कुशीवर टेकवायचा, तोही उभा. मग हात उजवीकडे सरकला की पट्ट्यासारखी जाड रेघ, आणि खाली ओढला की धाग्यासारखी बारीक. म्हणजे माझ्या अक्षरांच्या बरोबर उलट. शिरोरेषा जाडजूड आणि काने बिचारे काड्यांसारखे. मी एकदा म्हटलं, ‘काका, तुमचं सगळं वजन उलटं पडतंय.’ त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, ‘उद्या पाणी येणार नाही, एवढं कळलं ना तुला? मग झालं.’

खरं कारण त्यांनी नंतर चहा पिताना सांगितलं. काका-काकू बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पहिलं नाव जुन्या करारातलं आणि आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ लावलेलं. काका लहान असताना त्यांचे वडील त्यांच्याकडून हिब्रू प्रार्थना कापलेल्या टाकाने गिरवून घ्यायचे. हिब्रूत आडव्या रेघा जाड असतात आणि उभ्या बारीक. शाळेतल्या मराठीच्या आधी हात त्या वळणावर पडला, आणि मग मराठी लिहितानाही तो तसाच चालत राहिला. मास्तरांनी पट्ट्या मारल्या. काकांनी मार खाल्ला, वळण बदललं नाही.

शुक्रवारी दिवस मावळला की खडूला हात नाही, हा त्यांचा नियम. शब्बाथला, म्हणजे तेव्हापासून शनिवार मावळेपर्यंत, लिहायचं नसतं. त्यामुळे शनिवारच्या सूचना शुक्रवारी दुपारीच फळ्यावर तयार. एका शनिवारी पंप अचानक जळला आणि फळ्यावर काहीच नाही, तर काका सकाळपासून गेटजवळ खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगत राहिले, ‘पाणी नाही, भरून ठेवा.’ कोणी थट्टा केली की म्हणायचे, ‘लिहायचं नाही. बोलायला कोणी बंदी केली आहे?’ कोणी घर बदलून गेलं, करंजाड्याला म्हणा, रोडपालीला म्हणा, की त्यांचा टेम्पो निघायच्या आत फळ्यावर मजकूर असायचा: अमुक कुटुंब आज राहायला जात आहे, त्यांना शुभेच्छा, येत राहा. ते ‘येत राहा’ प्रत्येक वेळी असायचं. करंजाडे इथून हाकेच्या अंतरावर आहे, पण काकांना कोणीही गेलेलं आवडत नसे.

काका गेले ते अगदी अचानक, झोपेतच. फळ्यावर त्यांचा शेवटचा मजकूर होता, रविवारी टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवावे. टाकी धुऊन झाली, रविवार गेला, तरी ते पुसायचं कोणाचं धाडस होईना. मग सणासाठी गेट धुतलं तेव्हा पाण्याच्या पाइपाने वॉचमनने फळाही धुऊन टाकला. त्याचं काय चुकलं? पण मी खाली आले तर समोर तो काळाकुळकुळीत, ओला फळा. पाणी येणार नाही या सूचनेचा फोटो कोण कशाला काढून ठेवेल? काकांच्या हातचं आता एकच उरलं होतं, त्यांच्या दारावरची पाटी. प्लायवूडवर चपट्या ब्रशने रंगवलेलं त्यांचं स्वतःचं नाव.

काकूंचा मुलगा बरीच वर्षं इस्रायलमध्ये आहे. आई एकटी राहते म्हणून त्याचा जीव टांगणीला लागलेला. काकूंनी शेवटी हो म्हटलं. तिकडच्या बातम्या ऐकून सोसायटीतल्या बायकांनी त्यांना परोपरीने सांगून पाहिलं, की आत्ताच कशाला, तिकडे सायरन वाजतात म्हणे. काकू म्हणाल्या, ‘वाजू देत. पोरगा आहे तिथे.’ फक्त एक अट घातली. त्यांच्यात वर्षाच्या आत कबरीवर दगड बसवतात. तो बसल्याशिवाय त्या विमानात पाय ठेवणार नव्हत्या.

‘ह्यांना असं नुसत्या मातीत ठेवून नाही जायची मी,’ त्या मला म्हणाल्या. ‘आणि दगडावर नाव मराठीत पाहिजे. वरती. मोठं.’

मुलाला हे पटत नव्हतं. व्हिडिओ कॉल चालू होता तेव्हा मी तिथेच होते. तो म्हणाला, ‘मम्मी, हिब्रू आणि इंग्लिश पुरे झालं. पुढे मराठी वाचायला कोण येणार आहे तिथे? माझ्या मुलांना येतं का?’

‘मी वाचेन.’

‘तू तर इकडे असशील.’

त्याचं म्हणणं खोडून काढावं असं काही त्यात नव्हतं, तेच वाईट होतं. काकूंनी फोन माझ्याकडे वळवला आणि मुलाला म्हणाल्या, ‘मराठी ही काढून देणार आहे. तिचं कामच आहे ते.’ मला आधी विचारलंसुद्धा नव्हतं. मी मान हलवली.

मी माझी सगळी कला ओतली. पाटीचा फोटो काढला, नाव नीट बघून घेतलं आणि माझ्या नव्या अक्षरांत ते बसवलं. एकेका काना-मात्रेची जागा बदलून पाहिली. शिरोरेषा दगडासाठी जरा जाड केली, पण तरी नाजूकच. दांडे असे भरदार, की लांबून कोणी बघितलं तरी नजर ठरावी. मग खऱ्या मापाची प्रिंट काढली, कागद चिकटवले आणि काकूंच्या जेवणाच्या टेबलावर पसरले. मला वाटलं, आता काकू रडणार.

काकूंनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. कागदाचे वर आलेले कोपरे तळहाताने सपाट केले.

‘सुंदर आहे,’ त्या म्हणाल्या. ‘अगदी सोनाराच्या दुकानावर असतं ना, तसं.’

त्यांनी चष्मा काढला.

‘पण मला हे ह्यांचं नाव नाही वाटत गं. ह्यांच्या नावाचा दुसरा कोणीतरी वाटतो. श्रीमंत.’

मला राग आला. खोटं कशाला बोलू? किती दिवसांचं काम, आणि वर हे. मी विचारलं, ‘नक्की काय बदलू ते सांगा.’ काकू ओशाळल्या. म्हणाल्या, ‘मला काय कळतंय त्यातलं? तू शिकलेली. राहू दे, हेच चांगलं आहे.’ आणि गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला ‘चिक का हलवा’ खाऊन जा म्हणून आग्रह करायला लागल्या. त्यांनी असा पड खाल्ला की मला आणखीनच राग यायचा. मी हलवा खाल्ला, कागद गुंडाळले आणि निघाले.

दाराबाहेर चप्पल घालायला वाकले आणि सरळ उभी राहिले तर पाटी नाकासमोर. इतकी वर्षं येता-जाता बघितलेली. शिरोरेषा जाड, काने बारीक. मी याच पाटीवरून नाव घेतलं होतं. आणि घेता घेता, मनात काहीही न येता, जाड होतं ते बारीक आणि बारीक होतं ते जाड करून टाकलं होतं. लहान मुलाने काढलेलं वाकडं अक्षर आपण सहज सरळ करून देतो ना, तसं. काकांनी मला चहा पिताना सगळं सांगितलेलं असूनही. ही चूक दुसऱ्या कोणाकडून झालीच नसती. काकूंच्या मुलाने काय केलं असतं? पाटीचा फोटो जसाच्या तसा दगडवाल्याला पाठवला असता. डोळ्यांसमोर असलेलं दुरुस्त करून मगच बघायचं, ही खोड फक्त आम्हा अक्षरवाल्यांची. मी पुन्हा बेल वाजवली आणि काकूंना म्हटलं, ‘पाटी काढून द्या मला चार दिवस.’

ते चार दिवस लांबलेच. काकांची अक्षरं माझ्या हाताला येईनात. शिरोरेषा जाड केली की सगळा शब्द काळा ठिक्कर पडायचा, आणि खाली अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबायला लागायची. काने बारीक ठेवले तर पडतील की काय असं वाटायचं. मी पाटी खिडकीशी उजेडात धरून बघितली तेव्हा कुठे त्यांची युक्ती दिसली. दोन अक्षरांच्या मध्ये त्यांनी शिरोरेषा किंचित तोडली होती. ब्रश उचलल्याइतकीच. हिब्रूत अक्षरं जोडत नाहीत, प्रत्येकाचं छप्पर वेगळं. काकांनी मराठीलाही तसंच केलं होतं, फक्त फट इतकी लहान ठेवली होती की वाचणाऱ्याला कळू नये. आणि प्रत्येक शिरोरेषेच्या डाव्या टोकाला एक छोटी, वर उचललेली टाच होती.

मला नवल याचं वाटलं, की जाड आणि बारीक यांतला फरक त्यांच्या अक्षरांत आणि माझ्या अक्षरांत अगदी तेवढाच होता. इतकी वर्षं मी समजत होते की काका माझ्या नाजूक रेघांची चेष्टा करतात. त्यांच्या स्वतःच्या रेघा काही कमी नाजूक नव्हत्या. आमचं वेड एकच होतं, आणि हे मला त्यांना सांगता आलं नाही. मला त्या खिडकीशी उभ्या उभ्या फार वाईट वाटलं. ते असते तर म्हणाले असते, चहा टाक आधी.

मी रेघा मोजून-मापून सारख्या केल्या नाहीत. एका ठिकाणी त्यांचा ब्रश जरा फाकला होता, तेही ठेवलं. यावेळी कागद पसरल्यावर काकूंनी चष्मासुद्धा शोधला नाही. लांबूनच म्हणाल्या, ‘हां. आले.’ आणि आत जाऊन भांडी घासायला लागल्या. नळाचा आवाज बराच वेळ येत होता.

सुकापूरच्या बाजूला एक दगडवाला आहे, घरांच्या पाट्या, किचनचे कट्टे आणि कबरीचे दगड, सगळं करतो. आम्ही दोघी रिक्षाने गेलो. तो काही आता छिन्नीने कोरत नाही, त्याच्याकडे मशीन आहे. त्याने माझी फाइल उघडली, मान तिरकी करून बघितली.

‘मॅडम, ह्यो फॉन्ट कंचा हाय? आमच्या कम्प्युटरमदी नाय असला.’

‘आमच्या ह्यांचा आहे,’ काकू म्हणाल्या.

‘बरा हाय. पन काने लय बारीक वाटतात. आमी जरा जाड करून देऊ का? शोभंल.’

‘नको!’ आम्ही दोघी एकदम ओरडलो. तो बिचारा दचकलाच. मग काकूंना हसू आवरेना. काका गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

दगड बसवायच्या दिवशी मुलगा आला होता. त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पनवेलमध्ये आता तेवढे जमवायचे म्हणजे नाकी नऊ येतात. काही ठाण्याहून आले, काही अलिबागकडून. मी बाजूला उभी होते. प्रार्थना झाली, दगडावरचं पांढरं कापड काढलं. वर मराठी, खाली हिब्रू, अगदी खाली इंग्रजी. मला माझ्या धंद्यामुळे भीती वाटत होती, की तीन लिप्या एका दगडावर म्हणजे तीन जावा एका स्वयंपाकघरात. पण मराठी आणि हिब्रू एकीखाली एक अशा बसल्या होत्या, की एकाच हाताने एकाच बैठकीत लिहून काढल्या असाव्यात. दोन्हींचं छप्पर जाड, दोन्हींचे पाय बारीक. परकी दिसत होती ती इंग्रजी.

मुलगा पुढे झाला. त्याने हात नेला तो मराठी ओळीच्या उजव्या टोकाला. हिब्रू उजवीकडून वाचतात. मग त्याच्या लक्षात आलं, तो ओशाळून हसला आणि हात डाव्या टोकाला आणला. ‘ताई, क्षणभर मला हिब्रूच वाटलं,’ तो म्हणाला. नाव वाचताना त्याचं बोट एकेका अक्षरावरून चाललं होतं. ‘माझ्या शाळेच्या डब्यावर बाबा असंच नाव रंगवायचे. पोरं चिडवायची, याच्या नावाला टोपी आहे म्हणून. मी ते खरवडून काढायचो.’ तो तिथेच खाली बसला. काकूंनी एक लहानसा खडा उचलून दगडावर ठेवला, तशी त्यांच्यात रीत आहे, आणि मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मराठी कोणासाठी, हा प्रश्न त्यानंतर कोणी काढला नाही.

पुढच्याच रविवारी काकू निघणार होत्या. शनिवारी संध्याकाळी माझ्या मनात आलं, की या बिल्डिंगमधून कोणीही गेलं तरी फळ्यावर मजकूर लागायचा, आणि काकू नुसत्याच जाणार? फळा कित्येक महिने कोरा होता. सूचना आता ग्रुपवर येतात. मी खडूची पेटी आणली, तुकडा मोडला, कुशीवर उभा टेकवला आणि लिहायला लागले. खडू सारखा मोडत होता. खांदा भरून आला. संगणकावर अक्षरं काढणं वेगळं आणि उभ्याने लिहिणं वेगळं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

खरी पंचाईत काकूंच्या नावापाशी झाली. त्यांच्या नावातली काही अक्षरं काकांच्या नावात नव्हतीच. पाटीवरून बघून उतरवायची सोय नाही. काकांनी हे अक्षर कसं काढलं असतं? गाठ कुठे दिली असती, टाच कुठे उचलली असती? मी लिहीत होते, पुसत होते. शेवटी बघणं सोडून दिलं आणि हात जिकडे नेईल तिकडे जाऊ दिला. खाली लिहिलं, काकू आज इस्रायलला राहायला जात आहेत, त्यांना शुभेच्छा, येत राहा.

सकाळी टॅक्सी आली. बॅगा चढल्या. पाटी कधीच बॅगेत गेली होती. काकू सगळ्यांच्या गळ्यात पडून झाल्या आणि गाडीत बसता बसता त्यांना फळा दिसला. त्या परत खाली उतरल्या. फळ्याजवळ गेल्या. हात पुढे केला आणि खडू पुसला जाईल म्हणून मागे घेतला.

‘ह्यांनी माझं नाव कधी लिहिलंच नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मी म्हणायचे, पाटीवर खाली माझंही घाला. म्हणायचे, जागा नाही.’

त्यांनी फळ्यावरच्या आपल्या नावाकडे बोट दाखवलं.

‘हे एवढं मला कागदावर काढून दे. नुसतं नाव. असंच.’

‘देते ना. तिकडच्या दारावर लावायला?’

‘दाराला कशाला? दारावर ह्यांची पाटी आहे.’ काकूंनी आवाज जरा खाली आणला, मुलाला ऐकू जाऊ नये इतका. ‘माझा दगड करतील तेव्हा द्यायला. हिब्रू ते लोक घालतीलच. पण वरती हे असू दे. ह्यांचा इथे, माझा तिथे. निदान अक्षर तरी एका हातचं राहील.’

‘काकू, काहीतरीच काय बोलता!’

‘अगं, आत्ता नाही. वेळ आहे त्याला. पण तू आत्ताच काढून ठेव बाई. तुझी कामं नेहमी उशिरा होतात.’

एवढं बोलून त्या गाडीत जाऊन बसल्या. मी तिथेच, वॉचमनसमोर, बिल्डिंगमधल्या सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडले. मला लाज वाटली नाही. गाडी वळणावर जाईपर्यंत काकू मागच्या काचेतून फळा बघत होत्या.

त्याच आठवड्यात मी नाव काढून मुलाला फाइल पाठवली. कशासाठी ते त्याला काकूंनी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्याचा नुसता अंगठा आला. दिवाळी अंक निघाला, माझी अक्षरं मुखपृष्ठावर झोकात छापली गेली, केसाएवढी शिरोरेषासुद्धा. मला तिचा अभिमान आहे. गेटजवळचा फळा आता मी लिहिते. लोक म्हणतात, पूर्वीसारखं नाही, पण बरं आहे.

आणि सकाळचा गुलाब अजून येतो. तिकडे सकाळ उशिरा होते, म्हणून आता तो आमची न्याहारी आटोपल्यावर येतो. बातम्यांत काही दाखवलं आणि गुलाबाला उशीर झाला, की माझं कामात लक्ष लागत नाही. त्या फाइलचाच विचार येतो. ती कोणी उघडू नये, निदान पुष्कळ वर्षं, एवढंच मागते. शनिवारी गुलाब येत नाही, काकू शब्बाथला फोनला हात लावत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक असूनही तो दिवस सरता सरत नाही. रविवारी फोन वाजतो. तीच गुलाबी, फुगलेली, सावली पडलेली अक्षरं. मी दोन बोटांनी ती मोठी करून बघते.